जिन-रोह बघून अर्धे लोक भारावतात आणि अर्धे चिडतात, असं का?

प्रश्न असा आलाय: "मित्रमैत्रिणींना जिन-रोह दाखवला. निम्म्यांना जबरदस्त वाटला, निम्मे अर्ध्यातच मोबाईल काढून बसले, आणि शेवट बघून एक मैत्रीण खरंच चिडली, असलं का दाखवलंस म्हणाली. ज्यांना आवडला ते आता म्हणतायत की बाकीच्यांना कळलाच नाही. हा खरंच कळण्या-न कळण्याचा प्रश्न आहे का? आणि मला स्वतःला आवडला की नाही तेच सांगता येत नाहीये."

नाही, कळण्याचा प्रश्न नाहीये. "तुम्हाला कळला नाही" हे वाक्य आधी बाजूला ठेवूया कारण जिन-रोह या जपानी ॲनिमेशन पिक्चरवरच्या सगळ्या गप्पा त्यानेच बिघडतात. मी स्टोरीबोर्ड आणि ॲनिमेशनचं काम करते, बरीच वर्षं झाली, शिकवते पण, आणि हा पिक्चर वर्गात लावला की वर्गाचे दोन तट पडतात हे मी सारखं बघत आलेय. त्यात ज्या मुलांना कोण कुठल्या खात्याचा, कोण कोणाला फसवतोय हे सगळं नीट लागलेलं असतं त्यांच्यातलीही काही भयंकर चिडलेली असतात, आणि ज्यांना कथेतलं निम्मं राजकारण निसटलेलं असतं त्यातली काही अगदी गप्प होऊन बसलेली असतात. म्हणजे फूट हुशारीवरून पडत नाही. माझं मत असं आहे की ती फूट पिक्चर बनवणाऱ्यांनीच आत बांधून ठेवलीय. हा पिक्चर तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत लांडग्याच्या, म्हणजे फुसे या मुख्य पात्राच्या, शेजारी बसवतो, सगळं त्याच्या बाजूने दाखवतो, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मात्र अजिबात सांगत नाही. मग प्रत्येक जण ती रिकामी जागा आपापल्या स्वभावाने भरतो. कोणी कीव भरतो, कोणी भीती भरतो, आणि कोणाला ती भरायचीच नसते, आणि न भरण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघून या.

आधी थोडं कोणाचा आणि कधीचा ते, कारण गोंधळाचं एक मूळ तिथेच आहे. दिग्दर्शक हिरोयुकी ओकिउरा, त्याचा हा पहिलाच पिक्चर, त्याआधी तो ॲनिमेटर म्हणून नावाजलेला होता, अकिरा आणि घोस्ट इन द शेल या दोन्ही गाजलेल्या ॲनिमेशन पिक्चरमध्ये त्याचं काम आहे. स्क्रिप्ट मामोरू ओशीची. स्टुडिओ प्रोडक्शन आय.जी. पिक्चर जपानी पण थिएटरात आधी लागला फ्रान्समध्ये, १९९९ च्या नोव्हेंबरात, आणि जपानमध्ये आला जून २००० मध्ये. आणि हे जग काही या पिक्चरपासून सुरू होत नाही, ओशी त्याच्यावर आधीपासून काम करत होता, १९८७ आणि १९९१ मध्ये त्याने माणसं घेऊन याच जगातले दोन पिक्चर केले होते, मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, पण होती. त्यामुळे जिन-रोहच्या सुरुवातीला जे निवेदन येतं ना, स्थिर चित्रांवर भराभर, युद्ध हरलो, परक्यांचा ताबा आला, बेकारी वाढली, झोपडपट्ट्या वाढल्या, सरकारविरोधी गट उभे राहिले, मग राजधानीपुरतं वेगळं पोलीस दल काढलं, त्यात चिलखत घातलेली खास तुकडी, मग त्या गटांवर बंदी आणि सगळे मिळून सेक्ट नावाची भूमिगत संघटना... हे सगळं दोन-तीन मिनिटात तुमच्या अंगावर ओततात. हा दोष आहे, मी त्याला दोषच म्हणेन. तिथे ज्याचं लक्ष चुकलं त्याला पुढचा तासभर खात्यांची नावं नुसती कानावरून जातात. मी वर्गात दाखवताना ते निवेदन संपल्यावर थांबवते आणि एवढंच सांगते की तीन पक्ष लक्षात ठेवा: एक बंडखोर सेक्ट, दुसरी ती चिलखती तुकडी, आणि तिसरं त्याच राजधानी पोलीस दलाचं गुप्तचर खातं, पब्लिक सिक्युरिटी, ज्याला ही तुकडी नको झालीय कारण ती बदनाम झालीय आणि तिला संपवून नेहमीच्या पोलिसांशी जुळवून घ्यायचंय. एवढं धरून ठेवलं तर बाकी आपोआप लागतं.

कथा तशी छोटी आहे. दंगल चालू आहे, मोर्चेकरी पेट्रोल बॉम्ब फेकतायत, आणि एक शाळकरी वयाची मुलगी बॉम्बची पिशवी एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते. या मुलींना लिटल रेड रायडिंग हूडवरून नाव पडलंय. ती भुयारी गटारात पळते, तिथे चिलखती जवान फुसे तिच्यासमोर येतो, मशीनगन रोखलेली, आणि त्याच्याकडून गोळी सुटत नाही. तो फक्त विचारतो, का? ती दोरी ओढते आणि स्वतःला उडवून देते. चिलखतामुळे फुसे वाचतो, त्याची चौकशी होते, परत ट्रेनिंगला पाठवतात. मग त्या मुलीच्या अस्थी ठेवलेल्या जागी त्याला केई भेटते, मी तिची मोठी बहीण म्हणते, हुबेहूब तशीच दिसते. दोघं भेटत राहतात. नंतर कळतं की ती बहीणबिहीण नाही, आधी सेक्टसाठी अशाच पिशव्या पोचवणारी, पकडली गेल्यावर पब्लिक सिक्युरिटीने तिला आमिष म्हणून फुसेपुढे टाकलंय, म्हणजे चिलखती तुकडीचा जवान आणि अतिरेकी मुलगी एकत्र सापडले की तुकडी बंद करायला कारण मिळेल. आणि मग कळतं की फुसेही साधा जवान नाही, तुकडीच्या आत लपलेला जो खरा लांडग्यांचा गट आहे त्यातला तो आहे, आणि त्यांना हा सापळा आधीपासून माहीत होता. गटारात सगळे पब्लिक सिक्युरिटीवाले मारले जातात, फुसेचा जुना मित्र हेन्मी धरून. आणि पहाटे भंगाराच्या ढिगाऱ्यांमध्ये फुसेला सांगितलं जातं की आता केईला मार.

आता पोस्टर आठवा. काळं चिलखत, गॅस मास्क, लाल चमकणारे डोळे, हातात जर्मन एमजी-४२ मशीनगन. हे बघून माणूस काय अपेक्षा घेऊन येईल? धुमश्चक्रीची. आणि पिक्चरमध्ये धुमश्चक्री आहे फक्त दोन ठिकाणी, सुरुवातीला आणि शेवटी, मधला तासभर माणसं चालतात, ट्रामने जातात, डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर उभी राहतात, बोलता बोलता गप्प होतात. जे मोबाईल काढून बसले त्यांना दुसरंच काहीतरी सांगून बोलावलं होतं, मग त्यांचा राग पोस्टरवर असायला हवा पण तो पिक्चरवर निघतो. हे ओशीच्या बाबतीत आधीही झालंय. १९९३ च्या पॅटलेबर २ ला रोबोटवाल्या हलक्याफुलक्या मालिकेचे चाहते गेले आणि त्यांना मिळाला शांततेच्या काळातल्या लष्करी कटाचा पिक्चर ज्यात रोबोट जवळजवळ नाहीतच, तिथेही असेच दोन तट पडले.

पण मधला तासभर रिकामा आहे असं जे म्हणतात त्यांच्याशी मी मात्र भांडेन, आणि हे माझ्या धंद्यातलं असल्यामुळे जरा लांबण लावते. हा पिक्चर सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर, हाताने काढलाय, कॉम्प्युटर सगळीकडे शिरत होता त्या काळात. हाताने काढताना पैसा आणि वेळ कायम कमी असतो, म्हणून नेहमी काय करतात, तर मारामारीला भरपूर ड्रॉइंग देतात आणि बोलण्याचे सीन होल्डवर ठेवतात, म्हणजे चित्र स्थिर, फक्त ओठ हलतात. ओकिउराने खर्च कुठे केलाय बघा: चालण्यात, वळण्यात, बसण्यात, पिशवी या हातातून त्या हातात घेण्यात. पायावर वजन येतं, मग कंबर वळते, मग खांदा मागून येतो, कोटाचं कापड त्याच्याही मागून. हे काढायला सगळ्यात कठीण, कारण मारामारीत चूक झाली तर वेगात लपते, पण साधं उठून उभं राहण्यात चूक झाली तर लहान पोरालाही काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. आणि डोळे मोठे नाहीत, केस रंगीबेरंगी नाहीत, चेहऱ्यावर रेषा मोजक्या, बॅकग्राउंड हिरोमासा ओगुराचे, राखाडी तपकिरी, जुन्या तोक्योच्या ओलसर भिंती. मग बघणाऱ्याला चेहऱ्यावरून काही मिळत नाही, जे मिळतं ते अंगावरून मिळतं. फुसे कोणाच्या किती जवळ उभा राहतो, केई बोलताना कुठे बघते, कोण आधी थांबतं. ज्यांचं लक्ष तिकडे जातं त्यांना तो तासभर गच्च भरलेला वाटतो. ज्यांना चेहरा वाचायची सवय आहे, आणि बहुतेक ॲनिमेने आपल्याला तीच सवय लावलीय, त्यांना समोर पुतळे दिसतात. हे मी दोन्ही बाजूंनी समजू शकते, पण आळशीपणाने केलेला स्थिरपणा आणि इतक्या मेहनतीने केलेला स्थिरपणा यात फरक आहे एवढं तरी म्हणायला हवं.

आणि एक, फुसेचा चेहरा बंद ठेवणं हा कथेचा भाग आहे. पहिल्यांदा बघताना तुम्हाला वाटतं की मुलगी डोळ्यासमोर मेली म्हणून हा सुन्न झालाय. दुसऱ्यांदा बघताना तोच चेहरा, तीच चित्रं, आणि तुम्हाला आता माहीत असतं की हा पूर्ण वेळ केईला ओळखून आहे. एकाही फ्रेममध्ये त्याने तुम्हाला फसवलेलं नसतं. त्याने काही सांगितलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने या पिक्चरचं सगळ्यात मोठं कसब हे आहे, आणि नेमकं हेच काहींना थंडपणा वाटतं.

यावरून लोक ज्या मुद्द्यावर तासन्‌तास भांडतात तो सांगते. फुसे लांडग्यांच्या गटातलाच होता तर सुरुवातीला त्या मुलीवर गोळी का नाही झाडली? तेही नाटक होतं का? मला नाही वाटत. माझं वाचन असं की ते थिजणं खरं होतं, सापळा त्याच्यानंतर रचला गेला, आणि त्याच्या वरच्यांनी त्याचं ते खरं थिजणंच हत्यार म्हणून वापरलं. त्याची स्वप्नं बघा ना, गटारातून तो तिच्या मागे जातोय आणि लांडगे तिच्यावर तुटून पडतात. नाटक करणाऱ्याला अशी स्वप्नं पडत नाहीत. म्हणजे त्याच्यात जे माणसाचं उरलं होतं तेच संघटनेने कामाला लावलं, आणि हे जर धरलं तर शेवट आणखी भीषण होतो. पण दुसरं वाचन करणाऱ्यांकडेही मुद्दे आहेत आणि पिक्चर कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही.

राजकारणाचं बोलायचं तर जपानबाहेरच्या प्रेक्षकाला एक गोष्ट दिसत नाही, त्यात त्याची चूक नाही. वरवर बघता ही काल्पनिक गोष्ट आहे, युद्धानंतर जपानवर ताबा अमेरिकेचा नाही तर जर्मनीचा आला असं धरलेलं जग, आणि तेही पिक्चर नीट उलगडून सांगत नाही, हत्यारांवरून, हेल्मेटवरून ताडावं लागतं. पण ती पहिली दंगल बघताना जपानमधल्या एका पिढीला १९६० आठवतं. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराचं नूतनीकरण होत होतं, पंतप्रधान किशी नोबुसुके, शिंझो आबेंचे आजोबा, त्यांनी १९ मे रोजी विरोधी खासदारांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढलं आणि करार मंजूर करून घेतला. रस्त्यावर प्रचंड मोर्चे. १५ जूनला संसदेच्या आवारात पोलिसांशी झालेल्या झटापटीत तोक्यो विद्यापीठाची मिचिको कांबा ही २२ वर्षांची विद्यार्थिनी गेली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांची भेट रद्द झाली, किशींना जावं लागलं, पण करार राहिला तो राहिलाच. मग १९६८-६९ ची विद्यार्थ्यांची आंदोलनं, आणि मग १९७१-७२ च्या हिवाळ्यात युनायटेड रेड आर्मी नावाच्या छोट्या गटाने डोंगरातल्या तळांवर "आत्मपरीक्षणा"च्या नावाखाली स्वतःचेच १२ साथीदार मारले. ते बाहेर आल्यावर सामान्य माणसाची सहानुभूती पार आटली.

ओशीचा जन्म १९५१ चा, शाळकरी वयात तो स्वतः त्या आंदोलनांच्या आसपास होता. ओकिउरा १९६६ चा, त्याच्यासाठी हा सगळा ऐकलेला इतिहास. मला नेहमी वाटतं की या पिक्चरचं विचित्र तापमान त्यातून आलंय: लिहिणाऱ्याच्या अंगावरची जखम आहे आणि काढणारा ती पंधरा वर्षं अंतरावरून, अतिशय काळजीने, एकही रेष न थरथरवता काढतोय. हे माहीत असलं की पिक्चरमध्ये कोणाचीच बाजू का घेतलेली नाही ते समजतं. सेक्ट लहान मुलींच्या हातात बॉम्ब देते. सरकारी खातं त्याच मुलींना पकडून आमिष करतं. लांडगे ते आमिष गिळतात. तीनही संघटना आपापल्या लेकरांना खातात, आणि ज्याला यातली एक तरी बाजू बरी निघेल अशी आशा असते तो उपाशी उठतो.

इथे एक गंभीर आरोप येतो आणि तो टाळून चालणार नाही. काही लोक म्हणतात हा पिक्चर फॅसिस्ट सौंदर्याच्या प्रेमात आहे. ते चिलखत, युताका इझुबुचीने डिझाइन केलेलं, ते इतकं देखणं आहे, जर्मन छापाचं हेल्मेट, ते लाल डोळे, लोक त्याच्या बाहुल्या विकत घेतात, तसा पोशाख करून मिरवतात. आरोप खोटा नाही. चिलखत सुंदर काढलंय आणि ते सुंदर आहे हे काढणाऱ्यांना माहीत आहे. मी एवढंच म्हणेन की शेवटच्या गटारातल्या सीनचं टायमिंग बघा. तिथे ॲक्शन पिक्चरसारखं कटिंग नाही, उत्साह नाही. समोरचे गोळ्या झाडतायत, त्या चिलखतावरून उडून जातायत, आणि तो एकाच चालीने पुढे येतोय, थांबत नाही, धावतही नाही. मारामारीत दोन बाजू लागतात, इथे एकच आहे. हाजिमे मिझोगुचीचं संगीतही तुम्हाला टाळी वाजवू देत नाही. बघताना ज्याला मजा आली त्याला थोड्याच वेळात भंगारातल्या त्या सीनमध्ये नेऊन उभं केलं जातं. माझ्या मते पिक्चर चिलखताची भूल दाखवतो आणि मग त्या भुलीची किंमत वसूल करतो. पण ज्याला ती किंमत पुरेशी वाटत नाही, ज्याला वाटतं की भूल जास्त लक्षात राहते, त्याला मी खोडून काढू शकत नाही, कारण दुकानात बाहुली चिलखताची विकली जाते, केईची नाही.

आणि केईवरून आठवलं, तुमच्या मैत्रिणीच्या रागात एक मुद्दा बहुतेक हाही असेल. केईला पिक्चर जेवढं द्यायला हवं होतं तेवढं देत नाही. फुसेचं न बोलणं हे गूढ वाटतं कारण कॅमेरा त्याच्याबरोबर आहे, त्याची स्वप्नं आपण बघतो. केईचं एकही स्वप्न आपण बघत नाही. ती पकडली गेली तेव्हा काय झालं, तिने होकार का दिला, गच्चीवर ती पळून जाऊया म्हणते तेव्हा त्यात किती खरं आणि किती शिकवलेलं, हे सगळं तिच्याकडून कळायला हवं होतं आणि ते कळतं दुसऱ्या पुरुषांच्या तोंडून, फायली वाचल्यासारखं. अर्थात ती वापरली जातेय हेच तर सांगायचंय असं कोणी म्हणेल, पण वापरलं जाणं दाखवताना लेखकानेही तिला वापरूनच घ्यावं का? मला हा पिक्चर प्रचंड आवडतो आणि तरीही हे मला दरवेळी खटकतं.

आता ती गोष्ट, जी पूर्ण पिक्चरभर येत राहते. केई फुसेला एक जर्मन पुस्तक देते, रोटकेप्पशेन, म्हणजे तीच लाल टोपीवाली मुलगी. आपण ती इंग्रजी शाळेच्या पुस्तकात जी वाचली ती ग्रिम बंधूंची, १८१२ ची, ज्यात शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडतो, आजी आणि मुलगी सुखरूप. त्याच्या आधीची पेरो या फ्रेंच लेखकाची, १६९७ ची, त्यात शिकारी नाही, लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. आणि या दोन्हींपेक्षा वेगळी, फ्रान्सच्या खेड्यापाड्यात तोंडी चालत आलेली रूपं आहेत ज्यात लांडगा त्या मुलीलाच नकळत घरच्या माणसाचं मांस आणि रक्त खाऊ-पिऊ घालतो. पिक्चरमधली गोष्ट या जुन्या अंगाची आहे. त्यात मुलीला लोखंडी कपडे घातलेत आणि ते झिजल्याशिवाय आईला भेटता येणार नाही असं सांगितलंय, ती भिंतीला घासून घासून ते झिजवते आणि निघते. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीला वाटेत वाघ-लांडगे भेटतात पण शेवटी भोपळा मिळतो, सुटका असते, त्यामुळे असल्या गोष्टीकडून आपण लहानपणापासून सुटकेचीच वाट बघायला शिकलेलो असतो. जिन-रोह बघतानाही शेवटपर्यंत आपण शिकाऱ्याची वाट बघत असतो. कधी वाटतं फुसेच शिकारी आहे.

पण लोखंडी कपडे इथे कोणाच्या अंगावर आहेत? मुलीच्या नाही, फुसेच्या. गोष्टीतली मुलगी ते झिजवून बाहेर पडते आणि पिक्चरमधला माणूस ते काढून ठेवलेलं चिलखत परत अंगावर चढवतो. केईबरोबर फिरताना तो साध्या कोटात असतो, तेवढाच काळ तो कोणीही असू शकला असता. गटारात त्याचे सोबती त्याच्यासाठी चिलखत घेऊन थांबलेले असतात आणि तो एक शब्द न बोलता ते घालायला लागतो, तो सीन माझ्यासाठी शेवटच्या गोळीपेक्षा जड आहे, कारण निर्णय तिथे झालेला आहे, पुढे फक्त अंमलबजावणी. त्यांच्यातला एक जण म्हणतो ना, आम्ही कुत्र्याचं रूप घेतलेली माणसं नाही, माणसाचं रूप घेतलेले लांडगे आहोत. पुष्कळ चाहते हे वाक्य टीशर्टवर छापायच्या उत्साहाने सांगतात. मला ते त्या जागी पराभवाचं वाक्य वाटतं.

शेवट. केई त्याला बिलगते आणि गोष्टीतल्या ओळी म्हणायला लागते, तुझे दात किती मोठे वगैरे, आणि फुसेचा चेहरा जो पूर्ण पिक्चरभर बंद होता तो पहिल्यांदा मोडतो. ओकिउराने हा एक चेहरा इतका वेळ राखून ठेवला होता. लांबवर त्यांचाच एक जण बंदूक रोखून उभा आहे, याने नाही केलं तर तो करेल. गोळीचा आवाज येतो. आणि गोष्टीची शेवटची ओळ, की मग लांडग्याने मुलीला खाल्लं.

खरी फूट इथे पडते, आधीच्या सगळ्या तक्रारी तशा किरकोळ. प्रश्न असा की हे दाखवणं म्हणजे याला मान्यता देणं का? ज्याला वाटतं पिक्चर म्हणतोय "जग असंच असतं, लांडगा लांडगाच राहणार" त्याला हा पिक्चर क्रूर आणि हताश वाटतो आणि तो चिडतो. ज्याला वाटतं पिक्चर म्हणतोय "बघा, हा माणूस होता, इथपर्यंत होता, आणि याला लांडगा बनवायला किती जणांचे हात लागले" तो भारावतो. मी दुसऱ्या बाजूची आहे, त्या मोडलेल्या चेहऱ्यामुळेच. तो जर निर्विकार राहिला असता तर मी पहिल्या बाजूला गेले असते.

हा शेवट बदलला तर काय होतं तेही बघायला मिळालंय. २०१८ मध्ये कोरियात किम जी-वूनने इलांग नावाने याचा माणसं घेऊन रिमेक केला, मोठा दिग्दर्शक, मोठे स्टार, काळ पुढे नेला, कोरियाच्या एकीकरणाचं राजकारण आणलं, चिलखत तर हुबेहूब. आणि शेवट मऊ केला, तिला जगवलं. तिकडे तो चालला नाही. न चालण्याला कारणं बरीच असतील पण माझ्यापुरतं सांगते, ती वाचल्यावर मधल्या सगळ्या खोटेपणाचं ओझंच निघून गेलं, दोघांनी एकमेकांना फसवलं ते जणू प्रेमातले गैरसमज होते असं वाटायला लागलं. ज्यांना मूळ शेवट असह्य होतो त्यांनी हा रिमेक जरूर बघावा, दोन्ही बघितल्यावर कशाने जास्त त्रास झाला ते ठरवता येईल.

तर तुमच्या मैत्रिणीला कळला नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा. बहुतेक तिने सगळ्यात जास्त लक्ष देऊन बघितलाय. केईचा मृत्यू तिला कथेतली चाल वाटली नाही, एका मुलीचा जीव वाटला, आणि तो ज्याला बोचत नाही त्याने खरं तर परत बघायला हवा. आणि तुम्हाला आवडला की नाही ते ठरत नाहीये यात बिघडलेलं काही नाही, पण ठरवायचंच असेल तर दोन-चार आठवडे जाऊ द्या आणि एकट्याने परत बघा, जपानी ऑडिओवर, कारण या माणसांचा संथ, सपाट बोलण्याचा सूरही अभिनयाचाच भाग आहे. यावेळी कोण कुठल्या खात्याचा याचा विचार सोडा. फक्त केईकडे बघा, ती कधी फुसेकडे बघून बोलते आणि कधी नजर दुसरीकडे ठेवून, आणि ती त्याला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवते तेव्हा आवाज कुठे बदलतो. ज्या गोष्टी तिने बोलून सांगितल्या नाहीत म्हणून मी वर तक्रार केली, त्यातल्या थोड्या तिथे सापडतात.

आणि ज्या मित्रांना आवडला त्यांना पुढे काय दाखवू असं विचाराल तर वर म्हटलेला पॅटलेबर २. जून १९९२ मध्ये जपानने सैन्य परदेशी शांतिसेनेत पाठवायचा कायदा केला, कंबोडियाला तुकड्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी हा पिक्चर आला ज्याची सुरुवातच अशा एका तुकडीपासून होते, जिला समोरून हल्ला होत असताना गोळी चालवायची परवानगी मिळत नाही. मग तोक्योत पूल उडतो, कट कोणाचा कळत नाही, रस्त्यावर बर्फात रणगाडे उभे राहतात आणि लोक त्यांच्या बाजूने ऑफिसला जात राहतात. आधीची मालिका बघितली नसली तरी चालतं, गोतो आणि नागुमो हे पोलिसांच्या एका अडगळीत टाकलेल्या विभागाचे दोन कॅप्टन आहेत एवढं माहीत असलं की पुरे.